तराजूवरची सपक भाजी

मी एक लोखंडी कढई बोलतेय. बोलतेय कसली, चडफडतेय! गेलं वर्षभर जे सोसलंय ते सांगू कुणाला? चमचे आहेत शेजारी, पण त्यांच्यात खोली कुठली!

माझा जन्म ओतशाळेतला. लोखंडाचा लालभडक रस साच्यात पडला, निवला आणि मी झाले. दुकानाच्या फळीवर कितीतरी दिवस पालथी पडून होते. एका तरुण नर्सनं मला दोन्ही कानांना धरून उचललं. दुकानदार म्हणाला, "ताई, जड आहे. हलकी दाखवू?"

"रोज माणसं उचलते मी. ही काय जड!"

झालं, मी तिची झाले. ड्युटीवरून आली की पर्स खांद्यावरच, आणि ही भाजीच्या टोपलीत डोकावतेय. अर्धा कोबी, सुरकुतलेले दोन टोमॅटो, मूठभर मटार. तेवढ्यावर तिचा चेहरा खुलायचा. पाककृतीचं पुस्तक तिनं कधी उघडलं नाही. वाफेवर नाक धरायची, डोळे मिटायची आणि हात आपोआप कुठल्यातरी डब्याकडे जायचा. एकदा केलेलं पुन्हा तसंच कधी झालं नाही, आणि वाईटही क्वचितच झालं.

तिचं लग्न झालं ते नकाशे काढणाऱ्या माणसाशी. एक रेघ वाकडी गेली तर कागद फाडणारा! पहिल्याच जेवणाला त्यानं विचारलं, "यात नेमकं काय काय आहे?"

"जे घरात होतं ते."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. पुढे लेक झाली. मी चुलीवर चढले की तीही ओट्यापाशी घुटमळायची.

मागच्या वर्षी माझ्या मालकिणीला ताप आला. ताप उतरला, पण जाताना तिची वासाची जाण घेऊन गेला आणि चवही. बरी झाल्यावर पहिल्याच दिवशी तिनं माझ्यात कांदा टाकला. कांद्याचा कोळसा झाला, ती मात्र पाठमोरी उभी राहून भांडी पुसत होती. मी काय करणार? लेक धावत आली. "आई, धूर!"

डॉक्टर म्हणाले, वास परत येईल किंवा नाहीही येणार. त्या दिवसापासून तिचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला. नवऱ्यानं मायेपोटी पाककृती शोधल्या, सुबक अक्षरात लिहिल्या आणि कपाटाच्या दारावर चिकटवल्या. एक छोटा तराजूही आणला. आता मीठ इतके ग्रॅम, परतणं इतकी मिनिटं. ती माझ्याकडे बघायचीच नाही, घड्याळाकडे बघायची. आणि चव? बेचव! कांदा केव्हा लाल होतो, हे कागदाला काय कळतं? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्याहून संताप यायचा तो जेवणाच्या टेबलावरून येणाऱ्या त्या शब्दाचा. "छान झालंय." बाप म्हणायचा, लेक म्हणायची. दोघांच्याही माना खाली. ती उष्टी ताटं विसळायला घ्यायची, तेव्हा तिला सगळं कळायचं.

एका संध्याकाळी कागदावर दोनशे ग्रॅम मटार होते, घरात एकही दाणा नव्हता. तिनं मला दाणकन खाली ठेवलं. "मटार नाहीत. बाहेरून मागवा काहीतरी."

लेकीचा तोल सुटला. "मागवूच या! असंही वर्षभर आम्ही खोटंच बोलतोय, आई. एकदासुद्धा छान झालेलं नाही."

"अगं, हळू," बाप म्हणाला.

"बोलू द्या तिला." मालकीण स्टुलावर बसली. डोळे भरले होते, पण आवाज ड्युटीवरचा होता. "पेशंटलाही आम्ही खरं सांगतो. मला का नाही सांगितलंत?"

ती उठली. मला पुन्हा वर चढवलं आणि टोपली उपडी केली. थोडा फ्लॉवर, एक सिमला मिरची, एक कांदा. फ्रिजमधून आदल्या दिवशीचा भात, तीन अंडी.

"तू माझं नाक," ती लेकीला म्हणाली. "आणि अहो, तुम्ही जीभ. खोटं बोललात तर दोघंही उपाशी!"

मग तिनं कान माझ्याकडे लावला. कांद्याचं पाणी आटेपर्यंत मी चुरचुरत होते, आटल्यावर तडतडले. तिनं ओळखलं! "आता फ्लॉवर," ती म्हणाली. वर्षभरानं कुणीतरी माझं ऐकत होतं.

"काहीतरी कमी आहे," जीभ म्हणाली.

"काय?"

"ते मला काय माहीत!"

"अहो, आंबट की तिखट?"

"आंबट! नाही... हो, आंबटच!"

लिंबू पिळलं गेलं. तिखट मात्र जरा जास्तच झालं. तिघांच्याही नाकातून पाणी. नकाशेवाल्यानं तीन ग्लास पाणी पिऊन पुन्हा वाढून घेतलं. "मला नुसती झणझण कळतेय," ती म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

वास अजून आलेला नाही. हिंमत खचली की ती अजूनही तराजू काढते, आणि माझी चडफड पुन्हा सुरू होते. पण आता घरात भांडणं होतात, करपलं तर करपलं म्हणतात.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्यासाठी कुणी रांधलं, तर खाली मान घालून 'छान' म्हणू नका. खारट झालं असेल तर खारट म्हणा, आणि उठून एक बटाटा सोलून द्या.