एक्स्चेंजच्या बाईंचा फ्रिज

“जाम झालेल्याला पुढे ढकलायचं नाही. आधी जरा मागे सरकू द्यायचं. मग तो आपण होऊन पुढे येतो.”

ह्यांच्या उस्तादांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण जाम झालेला कंप्रेसर समोर आला की हे वाक्य ह्यांच्या तोंडून येतंच, आणि तेही उस्तादांच्या घोगऱ्या आवाजात. त्या दिवशी एक्स्चेंजच्या बाईंच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या पाठीमागे कुशीवर आडवे होऊन हे तेच पुटपुटत होते. मी गरम पाण्यात जुने टॉवेल बुडवून, पिळून, एकेक पुढे करत होते. कंप्रेसरला शेक देणं चालू होतं.

“दुखरा गुडघा समज,” हे म्हणाले. “आतलं तेल चिकट झालंय. ऊब लागली की सैल पडेल.”

“माझ्या गुडघ्याला कधी एवढं शेकलं नाहीत.”

“तुझा कुठे जाम झालाय? चालतोय की!”

दाराशी उभ्या असलेल्या बाईंच्या लेकीला हसू आलं, पण ते ओठांवरच विरलं. सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

खरं म्हणजे मी काही ह्यांच्या कामावर जात नाही. पण हल्ली वाकून बसलं की ह्यांना उठवायला कुणीतरी लागतं. सकाळचा जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही, हा माझा रोजचा नेम. आणि घरातले सगळे निर्णय हे नेमके त्याच वेळात जाहीर करतात. “आज बाईंकडे जायचंय, तूही चल,” हेही तसंच ठरलं होतं. माझी माळ फिरून होईतो ह्यांच्या पायात चपला होत्या.

बाईंची हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. कानाला यंत्र लावून लोकांचे आवाज एकमेकांना जोडून द्यायचे, हे त्यांचं काम. नोकरी संपली आणि मग हळूहळू नजरही गेली. तरी त्या एकट्या राहत, स्वतःचा चहा स्वतः करत. ह्याचं गुपित होतं तो फ्रिज. गोल खांद्यांचा, मोटारीच्या दारासारखी जाड मूठ असलेला, लेकीच्या जन्माआधीपासून त्याच कोपऱ्यात घुरघुरणारा. ती घुरघुर डाव्या कानाला आली की समोर न्हाणीघर. पाठीशी आली की पुढे पलंग. मध्येच तो दम खायला थांबला, तर बाईही हातातलं काम घेऊन थांबत. “त्याचा चहा होऊ दे, मग आपण निघू,” म्हणत.

मग बाई थोडे दिवस लेकीकडे राहायला गेल्या. लेकीने मागे घर आवरलं, फ्रिज आतून-बाहेरून पुसला, प्लग काढला, वास येऊ नये म्हणून दार किलकिलं ठेवलं. “जन्मभर राबलाय बिचारा, त्यालाही जरा विश्रांती,” असं ती तेव्हा म्हणाली होती. आईवरची माया तिने फ्रिजवरही केली, इतकंच. पण इतकी वर्षं चालत राहिलेलं यंत्र एकदम बसवलं की आतल्या आत धरून राहतं. परत आल्यावर प्लग लावला, तर नुसतं ‘घुं’ झालं, मग ‘टक्’, आणि पुढे शांतता.

त्या शांततेत दिशा चुकून बाईंचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. लेकीने नवा फ्रिज आणला. तो इतका गुपचूप चालायचा की त्याच्यावरच बाई दोनदा धडकल्या. तो परत गेला. दोन कारागीर येऊन “भंगारात द्या” सांगून गेले. तिसरा म्हणाला, जुन्या पेटीत नवा कंप्रेसर बसवतो. बाई म्हणाल्या, “दुसऱ्याचा गळा बसवल्यावर माणूस तोच राहतो का हो?”

आता बाई बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होत्या, कपाळावर निळसर टेंगूळ. आतल्या खोलीत त्यांची बॅग भरून ठेवलेली मला दिसली. फ्रिज चालू झाला नाही, तर लेक त्यांना कायमची घेऊन जाणार होती. तिचं तरी काय चुकलं? रोज रोज आईच्या कपाळाची धास्ती कोण घेईल?

“माझ्या घरी काय कमी आहे तुला, आई?” तिने पुन्हा एकदा विचारलं.

“काही कमी नाही गं. पण तिथे मला हाताला धरून न्यावं लागतं. इथे मी जाते.”

ह्यांनी टॉवेल बाजूला केला आणि तळवा कंप्रेसरच्या काळ्या डब्यावर ठेवला.

“ताई, आधीच सांगतो,” हे लेकीला म्हणाले. “डबा कापून उघडता येणार नाही. आतला गॅस जुना आहे, अंगाला वाईट, आणि आता मिळतही नाही. म्हणून बाहेरूनच सोडवायचा. तारा उलट्या जोडून क्षणभर उलटा फिरवून बघणार. सुटला तर सुटला. पण फार झटके दिले तर आतल्या तारांची वायंडिंग जळेल. मग कुणाच्या बापाच्यानेही होणार नाही.”

“किती वेळा देता येतील झटके?”

“तो सांगेल.”

तारांना जोडलेलं बटण ह्यांनी माझ्या हाती दिलं. ह्यांनी ‘हं’ म्हटलं की दाबायचं, ‘बस’ म्हटलं की सोडायचं. पहिल्यांदा ‘घुं’ झालं. ह्यांनी लाकडी हातोडीने डब्यावर हळूच टकटक केली, झोपलेल्याला उठवावं तशी. काही नाही. मग वाट पाहिली. पुन्हा ‘घुं’. डबा तापायला लागला. ह्यांनी हात काढला, भिंतीला टेकून बसले, कपाळ पुसलं.

“आता एकच,” मला अगदी हळू म्हणाले. “ह्याच्या पुढे मी देणार नाही.”

कंप्रेसरसाठी कुणी देवाला हाक मारतं का? मी मारली. मोठ्याने नाही, मनातच. बाईंना त्यांच्या घरात चालू दे, एवढंच.

डबा निवेपर्यंत आम्ही बसून राहिलो. लेकीने चहा केला. तो ह्यांनी बशीत ओतून, फुंकून, घाई नसल्यासारखा प्यायला. मग पुन्हा आडवे झाले.

“हं.”

‘घुं’ झालं, त्याच्या पोटात ‘खट्’ असं काहीतरी झालं. ह्यांना ते कळलं की नाही कोण जाणे, पण खिडकीजवळून बाई ओरडल्या, “लागला! लाइन लागली!”

“बस बस बस!” ह्यांनी भराभर तारा सुलट केल्या. “हं, आता दाब.”

डबा आधी थरथरला, मग खोकला, आणि मग चालायला लागला. लेकीने तोंडावर हात धरला. मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे डब्याला पाठमोरे वळून उगाच पाना शोधत होते. पाना ह्यांच्या मांडीवरच होता.

इथे खरं तर गोष्ट संपायची. पण आमच्या ह्यांचा स्वभाव! चांगलं झालं की ह्यांना त्याहून चांगलं करायचं असतं. फ्रिज बंद करून कंप्रेसरखालची दगडासारखी झालेली रबरं काढली, पिशवीतून नवी काढून बसवली. एक नळी पत्र्यावर घासत होती, तिला फडक्याची घडी लावली. सैल स्क्रू आवळले. थोडा दम देऊन पुन्हा बटण दाबलं, तर फ्रिज असा मऊ चालायला लागला, जणू काल दुकानातून आणला. हे अंग झटकत उभे राहिले.

“बघा बाई! या आता.”

बाई उठल्या. हात पुढे न करता दोन-चार पावलं आल्या, आणि उंबऱ्याशी थबकल्या. मान इकडे केली, तिकडे केली.

“चालू करा ना,” त्या म्हणाल्या.

“चालूच आहे.”

बाईंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. रागावल्या नाहीत, काही नाही. फक्त चाचपडत त्यांनी चौकट धरली.

“छान चालवलात हो मिस्त्री,” त्या सावकाश म्हणाल्या. “कष्ट घेतलेत. पण हा कुणीतरी दुसराच वाटतो. कुठे उभा आहे, कळतच नाही.”

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे. हे फ्रिजकडे. मग कान खाजवत म्हणाले, “घ्या! सगळा जन्म लोकांच्या फ्रिजचा आवाज काढण्यात गेला, आता घालायची पाळी आली.”

आणि फ्रिज बंद करून पुन्हा आडवे झाले. नवी रबरं निघाली, कडक जुनी परत गेली. फडकं काढलं. जरा वेळाने फ्रिज चालू ठेवून स्क्रू ढिले केले, त्यातला एक जास्तच ढिला झाला, तेव्हा बाई खुर्चीतून म्हणाल्या, “एवढा नाही. म्हातारा आहे, दारुडा नाही.” लेक खळखळून हसली. “अजून थोडा... अजून... हां!”

फ्रिज घुरघुरला. नळी पत्र्यावर आपटून तिचं जुनं टिणटिण सुरू झालं. बाई उठल्या, सरळ चालत ओट्यापाशी आल्या, वळल्या, न्हाणीघराच्या दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. फ्रिजवर हात ठेवून म्हणाल्या, “आलास का रे?”

लेकीने डोळे पुसले, पण तिची काळजी काही पुसली गेली नव्हती. “काका, पुन्हा अडकला तर?”

हे खोटं सांगत नाहीत. “चालता असेल तोवर काही नाही. भीती वीज गेल्यावरची. गेली आणि लगेच आली, तर त्याला दम लागलेला असतो; तसाच ओढला की अडकेल. प्लग काढायचा, त्याला श्वास घेऊ द्यायचा, मग लावायचा.”

“प्लग पार पाठीमागे आहे. आईला कसा जमेल?”

“तुमची आणि आमची लाइन एकच आहे,” हे हत्यारं भरत म्हणाले. “तुमची गेली की आमचीही जाते. मी येत जाईन. फोन करायची गरज नाही, बाई. उगाच अंधारात शोधत बसाल.”

“मला कसला आलाय अंधार!” बाई म्हणाल्या, आणि सगळ्यात मोठ्याने त्याच हसल्या.

लेकीने बॅग उपसली. कपडे कपाटात ठेवायला मी तिला हात लावला.

पुढचे दिवस आपले नेहमीसारखे गेले. आमच्या घरच्या मिक्सरचं झाकण अजून दोऱ्यानेच बांधलेलं आहे. कारागिराच्या घरचं काम कारागिराला कधी दिसतं का? मीही आता आठवण करायची सोडली आहे.

परवा दुपारी हे जेवायला बसले होते. पहिला घास हातात होता आणि पंखा मंदावत मंदावत थांबला. ऊन असं की बाहेर कुत्रंही नव्हतं. ह्यांनी वर पंख्याकडे पाहिलं, घास ताटात ठेवला, उठून हात धुतले. मी काही विचारलं नाही. पाण्याची बाटली भरून पिशवीत ठेवली आणि ताटावर ताट झाकलं.

हे चपला घालून पायरी उतरले. समोरच्या भिंतीची सावली वीतभरच उरली होती. तिच्यात खांदा राखत, आपल्या सावकाश चालीने, हे बाईंच्या घराकडे निघाले.