साक्षीदाराच्या बायकोचे औषध

खटला उभा राहीपर्यंत परीक्षकाला जिवंत आणि बोलता ठेवणे, एवढेच काम इन्स्पेक्टरबाईंकडे सोपवलेले होते. काम एका ओळीचे होते, पण त्या ओळीवर बरेच काही उभे होते. भर रहदारीत एक पूल कोसळला होता आणि त्याखाली माणसे चिरडली गेली होती. त्या पुलाच्या काँक्रीटचे ठोकळे सरकारी प्रयोगशाळेत यंत्राखाली फोडून पाहणे हे परीक्षकाचे काम. ठोकळे फार लवकर फुटत होते, आणि वरून आलेल्या हुकुमाने अहवालात ते मजबूत ठरत होते, हे शपथेवर सांगू शकेल असा माणूस तोच एक. त्याच कंत्राटदाराचे आणखीही पूल वापरात होते. साक्ष नोंदली गेली की ते बंद करण्याचा कायदेशीर आधार सरकारच्या हाती येणार होता. तोवर लोक त्यांवरून जात-येत राहणार होते.

परीक्षक आणि त्याची बायको यांना एका लहान गावात, शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ठेवले होते. बायकोला स्नायूंचा एक विरळा आजार होता. दिवस चढेल तशी तिची शक्ती ओसरे, पापण्या मिटू लागत, घास गिळवत नसे. वेळच्या वेळी गोळी घेतली तर ती माणसात असे, एरवी श्वासाचीही खात्री नसे. जिभेवर मात्र या आजाराचा काहीएक अंमल नव्हता.

"माझ्या पापण्या अगदी ह्यांच्यासारख्या," ती इन्स्पेक्टरबाईंना म्हणाली. "साहेब समोर आला की खाली."

"काकू, पुरे की आता. काका ऐकतायत."

"ऐकू देत. इतकी वर्षं साहेबांचं ऐकलं, आता माझं ऐकायला काय होतंय?"

परीक्षक खिडकीपाशी बसून हसला. तो हसला की बाईंना बरे वाटे, कारण भ्यालेला साक्षीदार आधी हसणे सोडतो, हे त्यांनी पाहिले होते.

औषध गावातल्या एकाच दुकानात, तेही मागवून घ्यावे लागे. रोकड आता कुणी घेत नसे. घेतलीच तर नोट उलटसुलट करून असे पाहत की चार माणसांनी वळून बघावे. म्हणून बाई नियमाप्रमाणे खात्याच्या अकाउंटमधून मोबाइलवर पैसे भरत. एकदा दुकानदाराने यंत्राच्या पडद्याकडे पाहत विचारले, "मॅडम, पोलीस खात्यातून येतायत की पैसे! आजारी कोण आहे?" बाईंनी काहीतरी थाप मारली, पण तो प्रश्न त्यांच्या मनातून जाईना.

दुसऱ्याच दिवशी त्या मुख्य कचेरीत लेखाधिकाऱ्यांसमोर जाऊन बसल्या. या गृहस्थांना अख्खी कचेरी 'दशांश' म्हणे. त्यांनाही ते ठाऊक होते आणि त्यात त्यांना आपला गौरवच वाटे. खजिन्याने त्या सुमारास डिजिटल नाणी चाचणीसाठी काढली होती. त्या पद्धतीत दुकानदाराला मिळालेली पै न् पै कर खात्याला दिसे. पैसे देणारा मात्र कुणालाच दिसत नसे, दुकानदाराला नाही, पैसे पोचवणाऱ्या मधल्या कंपनीला नाही, खुद्द खजिन्यालाही नाही. बाईंना आपल्या साक्षीदारासाठी ती नाणी हवी होती.

"निनावी?" दशांशांनी चष्मा काढला. "सरकारी पैसा, आणि निनावी? माझ्याआधी या खुर्चीत जे गृहस्थ होते त्यांनी गुप्त निधी प्यायला, बाई. अक्षरशः प्यायला. हल्ली ते तुरुंगात पुस्तकं लावतात."

"पावती मी सही करून तुमच्या हातात आणून देईन. हिशेब हवाय ना तुम्हाला? ठेवा, कुलपात ठेवा. पण गावभर दवंडी कशाला?"

"दवंडी कुठाय? नोंद फक्त कंपनीकडे राहते. कंपनीला परवाना आहे."

"कंपनीत माणसंच असतात ना?"

"माणसं कसली, सगळं कॉम्प्युटरवर असतं."

"मग तुमच्या औषधांची यादी लावू का बाहेर फळ्यावर?"

"खुशाल लावा. पित्ताच्या गोळ्या निघतील." ते हसले, आणि मग हसू आवरून म्हणाले, "हे बघा, रीतसर अर्ज करा. मी वर पाठवतो. अपवाद केला की उद्या दुसरा येतो, परवा तिसरा, आणि मग आम्ही कुणाला तोंड दाखवायचं?"

हा मनुष्य लबाड नव्हता, हेच दुर्दैव. लबाडाला लाच देऊन किंवा धाक दाखवून वळवता आले असते. दशांशांचा प्रामाणिकपणा मात्र एका चुकीच्या समजुतीवर पक्का रोवलेला होता: पैशाचा जाब देणे आणि पैशाचा माग सोडणे या दोन गोष्टी त्यांच्या लेखी एकच होत्या. लेखापरीक्षकाला जे कळायला हवे ते बाजारालाही कळले तर बिघडले काय, असे त्यांना मनापासून वाटे. आपले सरकारही एक गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाइकाची पावले मोजणारे त्याचीही मोजत असतील, हा विचार त्यांच्या टेबलापर्यंत कधी पोचलाच नव्हता.

अर्ज वर गेला आणि वरच राहिला.

पुढच्या महिन्यात, एका दुपारी, खोल्यांच्या दारात एक पुडके सापडले. वर पत्ता बिनचूक होता, नाव नव्हते. शिपायाने ते तपासून आत आणले. त्यात काकूंचे औषध होते, त्याच कंपनीचे, तेवढ्याच ताकदीचे, महिनाभर पुरेल इतके. सोबत चिठ्ठीवर छापील अक्षरे होती: 'प्रकृतीची काळजी घ्या.'

"बघा," काकू म्हणाल्या, "माहेरच्यांनीसुद्धा इतकी आठवण ठेवली नाही कधी."

कुणी हसले नाही. परीक्षक गोळ्यांची पाकिटे हातात फिरवत राहिला. एखादी गोळी फोडून पाहिल्याने तिच्यात काय आहे ते कळणार नव्हते.

बाईंनी शोध घेतला तेव्हा चोरी झालीच नव्हती असे निघाले. पैसे पोचवणारी कंपनी कोण कुठे काय घेतो याची माहिती विकत असे. एका संस्थेने ती रीतसर पावती घेऊन विकत घेतली होती. पोलीस खात्याचा अकाउंट नंबर निविदांवर छापलेलाच असतो. परीक्षकाच्या बायकोचा आजार त्याच्या रजेच्या अर्जांमुळे सगळ्या प्रयोगशाळेला ठाऊक होता. पोलीस खाते हे विरळे औषध कुठल्या गावात घेते, एवढेच पाहायचे राहिले होते. दुकान कळल्यावर घर शोधायला समोर चहा पीत बसणारा एक माणूस पुरतो.

त्याच दिवशी बाईंनी दोघांना दूरच्या शहरात हलवले. संध्याकाळी दशांश स्वतः तिथे आले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी नाण्यांनी भरलेला मोबाइल पुढे केला. "घ्या. मंजुरी मागून येईल. मी सही केलीय."

"आता यातून काहीही घेतलं तरी कुणाला कळणार नाही, काका," बाई म्हणाल्या.

परीक्षकाने मोबाइलकडे पाहिले. "हो. पण त्यांना कळू शकतं, हे आता मला कळलंय ना, बाई."

खटल्याच्या दिवशी न्यायालयाच्या पायऱ्यांवर काकूंनी नवऱ्याची बाही धरली. "अहो, बोलायचं हं. माझं नाव पुढं करून गप्प बसू नका. त्या मेलेल्यांचा भार माझ्या माथी नको."

"अगं, तू नको काळजी करूस."

"मी काळजी करत नाहीये. मी सांगतेय."

पिंजऱ्यात तो ताठ उभा राहिला. सरकारी वकिलांनी ठोकळ्यांचे अहवाल त्याच्यासमोर ठेवले आणि विचारले, हे आकडे तुमच्या यंत्रावर आले होते का. त्याने कागद पाहिले. मग मागच्या बाकावर, मान हाताने सावरून बसलेल्या बायकोकडे पाहिले. ती त्याच्याकडे डोळे न हलवता बघत होती.

"आठवत नाही," तो म्हणाला.

वकिलांनी प्रश्न फिरवून विचारला, मग आणखी फिरवून. उत्तर तेच आले. कंत्राटदाराचा वकील अर्धवट उठला. "उलटतपासणी नाही," एवढे बोलून तो पुन्हा खाली बसला.

दुपारी रस्ते खात्याने कंत्राटदाराचे बाकीचे पूल चालू ठेवण्याचा आदेश कायम केला. त्या खात्यापुढे दुसरा इलाज नव्हता, कारण पुरावाच नव्हता. साक्ष संपली म्हणून संरक्षणही त्याच दिवशी संपले.

बाहेर व्हरांड्यात परीक्षकाने बायकोला उठवायला हात पुढे केला. तिने तो पाहिला.

"हात दे गं, पोरी," ती इन्स्पेक्टरबाईंना म्हणाली, आणि त्यांच्या आधाराने उठून चालू लागली.