तीनशे बारा वाक्यं

किल्लीवाल्याच्या बायकोला गल्लीत सगळे रेडिओ म्हणत. सकाळी डोळा उघडला की सुरू, ते दिवे मालवेपर्यंत. दारावरून जाणाऱ्याला हटकल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. आणि नवरा असा, की दिवसाचे मोजून वीस शब्द, तेही गिऱ्हाइकाशी. "देवानं दोघांत मिळून एकच तोंड दिलं, ते मी घेतलं," ती म्हणायची, "कान सगळे ह्यांना."

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, जीव राखायचा तर आवाज द्यावा लागेल. हातात पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांत, बोलणं गेलेल्यांना शिकवणाऱ्या हॉस्पिटलातल्या बाईंनी तिच्याकडून एक काम करवून घेतलं. रोज लागणारी वाक्यं तिनं तिच्याच आवाजात कंप्युटरवर बोलून ठेवायची. प्रत्येकाला एक नंबर. पुढे तिनं नंबर दाबायचा आणि बोलायचं कंप्युटरनं. बाईंनी शंभर वाक्यांची यादी दिली होती. शंभरात कुठलं भागतंय. तिनं तीनशे बारा भरली.

एक नंबर म्हणजे, "अहो, उठलात का? चहा ठेवते." सतरा म्हणजे, "पंखा बंद करा, थंडी वाजतेय." एकशे नऊ नवऱ्यासाठी राखीव, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं." दोनशे चार म्हणजे नुसतं "अहो".

ऑपरेशननंतर ती चार वर्षं जगली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कंप्युटर ठेवलेला होता. एका हाताने पातेलं ढवळत दुसऱ्या हाताने ती नंबर दाबायची, आणि घर पुन्हा भरल्यासारखं वाटायचं. पाहुण्यांसमोर एकशे नऊ दाबून स्वतःच गदगदा हसायची, आवाज न करता.

ती गेल्यावर किल्लीवाल्यानं कंप्युटर जागचा हलवला नाही. सकाळी उठून तो एक दाबायचा. "अहो, उठलात का? चहा ठेवते." मग उठून चहा आपणच ठेवायचा. दिवसातून चार-पाचच वाक्यं, जास्त नाही. पंखा चालू असेल तरच सतरा. नसत्या वेळी तिला बोलायला लावणं त्याला बरं वाटत नसे.

एका मंगळवारी त्यानं एक दाबला आणि आतून टक्, टक्, टक् असा आवाज आला. मग पडदा काळा.

कुलपं उघडण्यात जन्म गेलेल्या माणसाचे कान तयार असतात. आत काहीतरी अडकलंय, हे त्यानं ओळखलं. आणि अडकलेल्या कुलपाचं शास्त्र त्याला पाठ होतं. जोर करायचा नाही. किल्ली हलकेच फिरवायची, मागे घ्यायची, पुन्हा फिरवायची. धीर धरला की कुलूप हार मानतं. म्हणून त्यानं कंप्युटर बंद केला, चालू केला. बंद केला, चालू केला. बुधवारी दुकान उघडलंच नाही. गुरुवारी मुलगी आली, तिनं वायर उपटली आणि कंप्युटरचा डबा उचलून दोघं दुरुस्तीवाल्या बाईंकडे गेली.

बाईंचा चष्मा कपाळावर आणि टेबलावर उघडी पडलेली यंत्रं. त्यांनी डब्यातली डिस्क काढून कानाशी धरली.

"काका, किती वेळा चालू केलंत?"

"साठेक वेळा झालं असेल."

बाईंनी डिस्क खाली ठेवली. "आत एक तबकडी असते. तिच्यावर सुई घासत होती. दर खेपेला थोडंथोडं खरवडून निघालं असणार."

किल्लीवाला आपल्या बोटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण दुसरी प्रत आहे. दर रविवारी मी स्वतः काढायचो. सीमधून डीमध्ये."

बाई मुलीकडे बघू लागल्या. मुलीनं मान खाली घातली.

"काका," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "सी आणि डी एकाच कपाटातले दोन कप्पे असतात हो. कपाटच गेलं."

तीस वर्षं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आला होता, दुसरी किल्ली त्याच जुडग्यात अडकवू नका, जुडगा हरवला की दोन्ही जातात. मुलीनं हे लहानपणापासून ऐकलेलं. तोच म्हणाला, "जुडग्यातच अडकवली गं मी."

परतीच्या वाटेवर सिग्नलला उभं असताना मुलगी म्हणाली, "बाबा, माझ्या फोनमध्ये होती सगळी. मागच्या वर्षी फोन भरला म्हणून पुसली. म्हटलं, तुमच्याकडे आहेतच."

दिवा हिरवा झाला. दोघांपैकी कुणीच रस्ता ओलांडला नाही.

हॉस्पिटलातल्या बाईंना मुलीनं फोन केला. त्यांनी दोन दिवस शोधाशोध केली. मूळ वाक्यं घरच्याच कंप्युटरवर भरली होती, त्यांच्याकडे यादीचा कागद तेवढा होता. डिस्क लांबच्या एका ठिकाणी गेली, जिथे धुळीचा कणही नसलेल्या खोलीत असल्या डिस्क उघडतात. पाच आठवड्यांनी उत्तर आलं. तीनशे बारातली नऊ वाक्यं धड निघाली. नंबर पुसले गेले होते.

दुरुस्तीवाल्या बाईंच्या दुकानात त्यानं ती नऊ ऐकली. पाणी आणा जरा. दार कोण वाजवतंय बघा. मुलीला फोन लावा. नको, पोट भरलं. माझा चष्मा कुठाय. हळू चाला. आज बरं वाटतंय मला, काळजी करू नका. उद्या बघू. आणि गल्लीतल्या कुणाला तरी उद्देशून, "बाई बाई, काय सांगतेस."

त्यानं थांबून विचारलं, "'अहो' नाही निघालं?"

"नाही, काका."

"आणि चहा?"

बाईंनी मान हलवली.

घरी मुलगी म्हणाली, "आता ह्या नऊंची तरी नीट सोय करू."

"बैल गेला नि झोपा केला," तो म्हणाला. "नऊ वाक्यांना कसला पहारा."

"चोरी झाल्यावर कुलूप घ्यायला येतात, त्यांना तुम्ही असंच सांगून परत पाठवता?"

तो चपला शोधू लागला.

दुरुस्तीवाल्या बाई म्हणाल्या, तीन जागी ठेवा. एक बाहेरची डिस्क तुमच्या घरी, काम झालं की वायर काढून कपाटात. तशीच दुसरी मुलीच्या घरी. एका घराला आग लागली, पाणी शिरलं, तर दुसरं राहतं. तिसरी प्रत इंटरनेटवर.

तिसरीवर तो अडला. "ते घर कुणाचं? दाराची किल्ली कुणाकडे?"

"घर त्यांचं, पेटी तुमची. पेटीला पासवर्ड लावून मग पाठवायची. मालकालाही उघडता येत नाही. पण पासवर्ड विसरलात तर तुम्हालाही नाही."

"हे बरंय," तो म्हणाला. बऱ्याच दिवसांत त्याला पटलेली ही पहिली गोष्ट होती. "आणि इकडे काही पुसलं गेलं तर?"

"बरोबर विचारलंत. काही सोयी अशा असतात, की इकडे पुसलं की तिकडचंही पुसतात. लोक त्यालाच बॅकअप समजतात. आपण जुन्या प्रती राखून ठेवणारी सोय घेऊ."

रविवारी सकाळी बाई नवी डिस्क घातलेला कंप्युटर घेऊन स्वतः घरी आल्या आणि तासाभरात सगळं लावून झालं. त्याला वाटलं, सुटलो. पण बाई उठेनात.

"एक राहिलं. एखादं वाक्य पुसा आणि प्रतीतून परत आणा. परत आणून बघितल्याशिवाय प्रतीवर भरवसा ठेवू नये."

मुलगी पटकन म्हणाली, "दुसरी कुठली तरी फाईल घेऊ ना."

"दुसरीही चालेल," बाई म्हणाल्या.

किल्लीवाल्याला हे परकं नव्हतं. नवी किल्ली घासून दिली की गिऱ्हाइकाला घेऊन तो दाराशी जायचा, दार ओढून खरोखर बंद करायचा आणि नव्या किल्लीनंच उघडून दाखवायचा. लोक घाबरायचे. तो ऐकायचा नाही.

"हिच्यातलंच घेतो," तो म्हणाला.

नऊ ओळींवरून त्याचं बोट खाली गेलं, वर आलं. पाण्यावर थांबलं, पुढे सरकलं. चष्म्यावर थांबलं. शेवटी "आज बरं वाटतंय मला" वर टेकलं. शेवटच्या महिन्यात ती रोज सकाळी हेच दाबायची. हात उचलवत नसे, तरी दाबायची. तो मान हलवायचा आणि दुकानात जायचा.

त्यानं ते पुसलं. पडद्यावर आठ राहिली.

कपाटातल्या डिस्कमधून ते परत आलं. पुन्हा पुसलं, मुलीच्या डिस्कमधून आलं. तिसऱ्यांदा पुसलं. इंटरनेटवरून यायला वेळ लागला, तेवढ्यात पासवर्ड टाकताना त्याचं एक अक्षर चुकलं आणि मुलीनं त्याचं मनगट धरलं. मग तेही आलं. त्यानं लावून बघितलं.

"आज बरं वाटतंय मला, काळजी करू नका." ऑपरेशनच्या आधीचा, भरलेला, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा आवाज.

"नव्हतं गं वाटत तुला बरं," किल्लीवाला म्हणाला. "मला कळायचं."

बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मुलीनं तिच्या वाट्याच्या डिस्कची वायर काढली, डिस्क रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवून चेन लावली. तो अजून पडद्याकडेच बघत होता. थोड्या वेळानं त्यानं तेच वाक्य पुन्हा लावलं, आणि ह्या खेपेला संपायच्या आधीच उत्तर द्यायला लागला.