मन्मथची पाठ

मन्मथ बिलोलीहून नांदेडच्या कॉलेजात आला तेव्हा त्याला फुटबॉल लई आवडायचा. तीन वर्षं झाली, अजूनही आवडतो. फक्त एक मॅच सोडली तर त्यानं तो पाहिलेला नाही.

झालं असं, की पहिल्याच मॅचला वडिलांचा फोन आला, म्हैस व्याली म्हणून. नीट ऐकू यावं म्हणून मन्मथनं मैदानाकडं पाठ केली आणि पाठीमागं गोल झाला. दुसऱ्या मॅचला डोळ्यात कचरा गेला, तो वळला, गोल. तिसरी मॅच त्यानं डोळे फाडून पूर्ण पाहिली. शून्य-चार. त्या दिवशी पोरांचा म्होरक्या भुजंग, जो सीझनभर एकच बनियन न धुता घालतो, त्यानं निकाल दिला, "गड्या, खोट तुझ्या तोंडात हाय. पाठ लई गुणाची."

तेव्हापासून मॅच असली की मन्मथ कुंपणाच्या भिंतीकडं तोंड करून उभा. भिंतीवर बोअरवेलची जाहिरात आहे, तिचे दोन्ही नंबर त्याला तोंडपाठ. त्याचा रूम पार्टनर हरिओम टीमचा स्ट्रायकर. तीन वर्षांत हरिओमनं अकरा गोल मारले. अकराही मन्मथनं कानानं पाहिले.

आज लातूरच्या कॉलेजशी फायनल होती, आणि हरिओमची शेवटची मॅच. सकाळी पोहे खाताना तो म्हणाला, "एक तरी बघ ना बे. उद्या गावाकडं गेलो की माझा गोल पाहिलेला आपला माणूस एकबी न्हाई."

"आन् भुजंग?"

"भुजंगला बनियन हाय. मला तूच हायस."

मॅच सुरू झाली. मन्मथ भिंतीपाशी गेला तर तिथं लातूरची जर्सी घातलेली एक मुलगी आधीच उभी होती. तिचं तोंड मैदानाकडं. डोळे ताणून लाल झालेले.

"तुम्ही भिंत का बघायलाव?" तिनं विचारलं.

"मी मॅच पाहिली की आमची टीम हारते. तुम्ही?"

"मी न्हाई पाहिली की आमची हारते. सेमीफायनलला कोपऱ्यात होते, म्हणून आज बी कोपऱ्यात. मी सृष्टी, शिरूर अनंतपाळची. मला फुटबॉलमधलं कायबी कळत न्हाई."

कुणी कुणाची कीव करावी हे मन्मथला कळेना. "मग जे दिसतं ते सांगत तरी राहा."

"एकानं बॉल हातानं धरला."

"हातानं? फाऊल!"

"त्याचा शर्ट येगळाय."

"गोलकीपर असंल."

"असंल. आता एक जण झोपला. तुमचा, नऊ नंबरवाला. लोळायलाय. पाण्याची बाटली आली. आता उठून पळायलाय, काय झालंच न्हवतं त्याला."

नऊ नंबर म्हणजे हरिओम. मन्मथला जाहिरातीतल्या बोअरवेलमध्ये शिरावंसं वाटलं.

मॅच संपत आली, तरी शून्य-शून्य. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि दोन्हीकडची पोरं एकदम ओरडली. हे आनंदानं का रागानं, मन्मथच्या पाठीला समजेना.

"पंचानं पांढऱ्या ठिपक्याकडं बोट केलंय," सृष्टी म्हणाली. "बॉल तुमच्या लोळणाऱ्याला दिलाय."

पेनल्टी! वळावं आणि बॉल बाहेर गेला तर? न वळावं तर बारावाही कानानंच.

"ताई, एक करा. मी वळतो, तुम्ही भिंत बघा. दोघांचं फिट्टंफाट."

"माझे डोळे बी लई दुखायलेत," म्हणत ती वळलीसुद्धा.

मन्मथ वळला. मैदान त्याला आठवत होतं त्याहून बरंच मोठं निघालं. हरिओमनं कोपऱ्याकडं पाहिलं, मन्मथचं तोंड पाहिलं, आणि मारला. बॉल खांबाला धडकून परत आला. हरिओमनं पुन्हा मारला. आत! जाळी हलली. मन्मथ तीन वर्षांचं एकदम ओरडला.

मग शिट्टी. खांबाला लागून आलेला पेनल्टीचा बॉल मारणाऱ्यानंच पुन्हा मारायचा नसतो. गोल रद्द. आता लातूर ओरडलं.

"झाला का गोल?" सृष्टीनं भिंतीला विचारलं.

"झाला. म्हंजे न्हाई. पर झालेला पाहिला मी."

मॅच तशीच संपली. स्पर्धेच्या नियमाप्रमाणं दोन्ही कॉलेजं विजेती. नाचावं का नाही, हे कुणालाच ठरवता येईना. मग काही जण थोडंसं नाचले.

भुजंग पळत आला. "तू वळलास?"

"हाव."

"मग तू वळलास म्हणून बॉल आत गेला, का तू वळलास म्हणून रद्द झाला?"

मन्मथनं प्रामाणिकपणे विचार केला. "दोन्ही."

भुजंगनं डोकं धरलं. "पुढच्या वर्षी आडवा उभा राहा. एक डोळा मैदानाकडं, एक भिंतीकडं." मन्मथचे दोन विषय राहिल्यानं तो पुढच्या वर्षी असणारच, हे भुजंगनं धरूनच चाललं होतं.

चिखलानं माखलेला हरिओम आला. "पाहिलास?"

"पाहिला."

"त्यांनी मोजला न्हाई."

"मी मोजला. बारावा. पर एक सांग, तू लोळत काहून होतास?"

हरिओम चपापला. "तुला कुणी सांगितलं?"

मन्मथनं मागं बोट केलं. सृष्टी अजून भिंतीकडंच तोंड करून उभी होती. तिला कुणी वळ म्हणालं नव्हतं, आणि बोअरवेलचा दुसरा नंबर तिचा पाठ व्हायचा राहिला होता.