हा हात कोणाचा?

प्रोफेसर वेङ यांनी दोन जाडजूड पुस्तकं टेबलावर आपटली, तेव्हा पेइजनला आपला चहाचा कप घाईघाईनं उचलावा लागला.

"यातलं एक ठरव," ते म्हणाले. "शरीररचनेचा जुना ॲटलस आता छापतच नाहीत. सप्टेंबरात नवी मुलं डिसेक्शनला येतील, त्याआधी पुस्तक हातात हवं. आणि लवकर उरक. तू प्रत्येक गोष्टीचा कीस काढत बसतेस."

श्याव पेइजन ताइनान शहरातल्या एका मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायची. नोकरी कंत्राटी होती. दरवर्षी कंत्राटावर वेङसरांची सही लागायची. त्यामुळे "हो सर" म्हणून ती पुस्तकं घेऊन बसली.

दोन्ही ॲटलस खऱ्या देहांच्या फोटोंचे. पहिल्याचे फोटो इतके सुरेख, की ती दुपारभर पानं उलटत राहिली. एका पानावर कोपरापासून बोटांपर्यंत उलगडलेला हात होता. प्रत्येक स्नायू वेगळा, प्रत्येक शीर लाल-निळ्या रंगानं स्वच्छ उठलेली, नर्व्ह तर ओढून ताणलेल्या दोऱ्यासारखी. दुसरा ॲटलस त्यापुढे अगदीच फिका. फोटो लहान, सगळं उकडल्यासारखं एका रंगाचं.

पहिलंच घ्यायचं, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं. मग सवयीनं ती पहिल्या पानाकडे वळली. हा हात कोणाचा, ते बघायला.

तिच्या हॉलमध्ये प्रत्येक टेबलाच्या डोक्याशी देहदात्याचं नाव असायचं. मुलं आधी त्या दात्याच्या घरी जाऊन बसायची, त्या माणसाला काय आवडायचं, काय खुपायचं ते ऐकून यायची. त्यांना देहगुरू म्हणायची, आणि सुरी उचलण्याआधी नाव घेऊन कमरेत वाकायची. फिक्या ॲटलसमध्ये दोन पानं भरून दात्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे आभार होते. रंगीत ॲटलसमध्ये दात्यांबद्दल एक ओळही नव्हती. संपादकांचे आभार होते, छायाचित्रकाराचे होते, छपाईवाल्याचेसुद्धा.

तिनं पुस्तकाच्या वितरकाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्यांचा यू नावाचा विक्रेता अननसाच्या केकचा डबा घेऊन हजर झाला.

"मॅडम, फोटो बघा ना. माणसं कशाला बघताय?"

"देह कुठून आले?"

"एक कंपनी तयार करून देते. कागदपत्रं अगदी चोख आहेत."

"कोणाची? त्या माणसांची?"

"कंपनीची." यूनं डबा पुढे सरकवला. "बेवारस असतील बहुतेक. म्हणजे तक्रार करायलाही कोणी नाही. तुम्ही काळजीच करू नका."

पेइजननं डबा परत त्याच्या हातात दिला.

पुस्तक ठरवायच्या बैठकीत मुलांचा प्रतिनिधी फान काइवन होता. पोरगा तोंडाचा फटकळ, पण अभ्यासू. "मॅडम, त्या फिक्या पुस्तकात धमनी कुठली, नर्व्ह कुठली, काही कळत नाही. नूडल्सच्या वाडग्यात बघितल्यासारखं वाटतं."

"मग टेबलावर काय कोणी लाल-निळा रंग लावून ठेवतं का रे?" ती म्हणाली. "खरा देह असाच दिसतो. फिक्या पुस्तकावर शिकलेली मुलं टेबलाशी जास्त चांगली ओळखतील."

"सिद्ध करून दाखव," वेङसर म्हणाले.

तिनं करून दाखवायचं ठरवलं. अर्ध्या वर्गानं रंगीत पुस्तकावरून हाताचा अभ्यास केला, अर्ध्यानं फिक्यावरून. मग सगळ्यांनी खऱ्या हातातले टाचणी लावलेले भाग ओळखले. तिनं स्वतः उत्तरं तपासली, पुन्हा एकदा तपासली. रंगीतवाली मुलं सरस ठरली होती, आणि थोडीथोडकी नाही.

पेइजनचा चेहरा उतरला. लपवायला वाव नव्हता आणि तिला लपवायचंही नव्हतं. ती वेङसरांकडे गेली आणि म्हणाली, "सर, मी चुकले. रंगीत पुस्तक शिकायला जास्त चांगलं आहे."

"झालं तर मग. मागव."

"नाही मागवणार."

वेङसरांनी चष्मा काढला. "आत्ताच चांगलं म्हणालीस ना?"

"चांगलंच आहे. पण आपण पहिल्या दिवशी मुलांना सांगतो, हे तुमचे गुरू आहेत, यांनी स्वतःहून देह दिलाय. आणि त्याच मुलांच्या हातात ज्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही त्यांचे फोटो द्यायचे? मला नाही जमणार."

"निकाल घसरला तर तुझ्या कंत्राटावर सही करताना मला वरचे लोक विचारतील. मी काय सांगू?"

"मी हट्टी आहे म्हणून सांगा. फिकं पुस्तक घेऊ. त्याच्या जोडीला मी आपल्याच दात्यांचे फोटो काढते, घरच्यांना विचारून. सुट्टीत हात तरी पुरा करते."

"एकटी?"

"सोबत द्या कोणी."

सोबत कोणी दिलं नाही. पण 'नाही'ही म्हणाले नाहीत.

पुढच्या वर्गासाठी आलेल्या देहगुरूंमध्ये लू तेशङ होते, आनपिंग बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे. त्यांची बायको बाजारात माशाची पेज विकायची. पेइजननं आधी पेज खाल्ली, मग विषय काढला.

"फोटो? चेहऱ्याचा नाही ना?" लूकाकूंनी विचारलं.

"नाही काकू. फक्त हाताचा."

"हाताला भाजल्याचा डाग आहे हां. दिसला तर दिसू दे. माझी ना नाही, पोरी. पण मुलाला विचारावं लागेल."

मुलगा आतल्या बाजूला भांडी घासत होता. त्यानं वळूनही बघितलं नाही. "बाबांनी तुम्हाला देह दिला, तो माझं न ऐकता दिला. तो शिकवून होईल, मग राख घरी येईल. फोटो मात्र कायमचा तिथंच राहील. मला नको."

समजावायला शब्द तिच्याकडे होते. ते ओठांपर्यंत आलेही. पण ज्या गोष्टीसाठी ती सगळ्यांशी भांडत होती, ती हीच होती. विचारल्यावर माणसाला 'नाही' म्हणता आलं पाहिजे. तिनं मान लववली. "ठीक आहे. पुन्हा विचारायला येणार नाही."

दुसरं घर देहगुरू हुङ युएशा यांचं. त्या शाळेत पोहणं शिकवायच्या. त्यांची मुलगी सलून चालवायची. गिऱ्हाइकाच्या केसांना रंग लावता लावता ती ऐकत होती. मग हात थांबवून म्हणाली, "घ्या की. आईला फोटो काढून घ्यायची भारी हौस. नाव पण घाला. आणि नखांना जपा, ती नखांना फार जपायची."

युएशाबाईंचा हात म्हातारा होता. स्नायू पातळ, सांधे सुजलेले. रंगीत पुस्तकातल्या हातापुढे कोणी त्याला सुंदर म्हटलं नसतं. पेइजन रोज सकाळी नाव घेऊन वाकायची आणि कामाला लागायची. पहिल्या आठवड्याचे सगळे फोटो वाया गेले. ओल्या स्नायूंवर दिव्याची चमक यायची. तिनं दिवे हलवले, पांढरे पडदे लावले, एक बारीक नर्व्ह तुटली तेव्हा रडकुंडीला येऊन त्यांच्याच दुसऱ्या हातावर पहिल्यापासून सुरुवात केली. मनगटाशी एक धमनी पुस्तकात नसते अशा वाटेनं गेलेली सापडली. ती तिनं तशीच ठेवली, चारी बाजूंनी टिपली.

एके दिवशी काइवन दारात उभा दिसला. "मॅडम, पडदा धरायला माणूस लागतो ना?"

"मला वाटलं तुला रंगीत पुस्तक हवंय."

"हवंच आहे. विकतही घेतलंय मी, खोटं कशाला बोलू?" तो हातमोजे चढवत म्हणाला. "पण त्यात ही वाकडी धमनी नाही."

सप्टेंबरात फिक्या ॲटलसबरोबर प्रत्येकाला हाताच्या फोटोंचं पातळ पुस्तक मिळालं. पहिल्या पानावर हुङ युएशा हे नाव, त्याखाली 'पोहण्याच्या शिक्षिका'. परीक्षेत हाताचे प्रश्न मुलांनी छान सोडवले. पायाच्या प्रश्नांना मार खाल्ला, आणि एकूण निकाल मागच्या वर्षीपेक्षा थोडा खालीच आला.

वेङसरांनी निकालाचा कागद तिच्यापुढे धरला. "वरून विचारणा झाली."

"काय सांगितलंत?"

"तू हट्टी आहेस म्हणून सांगितलं." त्यांनी कंत्राट पुढे सरकवलं. सही झालेली होती. "पायाचं काय करणार आहेस?"

"दोन घरांत विचारून आलेय," पेइजन म्हणाली. "एकानं नाही म्हटलं. दुसरे रविवारी या म्हणालेत."