चुन्याची रेघ

"फिरव की गं! हात आहे का शोभेची दांडी?" पट्टीच्या पार टोकावरून दोरवाला बाप ओरडला.

टिटवीनं चाकाची मूठ पुन्हा धरली. घराच्या मागं दोर वळायला ठेवलेली ती लांबलचक मोकळी पट्टी उन्हानं तापली होती. बाप कमरेला घायपाताच्या तंतूंचा वाख गुंडाळून मागं मागं सरकत होता, बोटांतून पेड सोडत होता, आणि चाक फिरेल तसा पेडाला पीळ चढत होता. चाक थांबलं की पीळ सैल पडायचा आणि बापाचं डोकं तापायचं.

"आज फिरवतेय तेवढं पुरे," आई दारातून म्हणाली. "उद्या पळायचंय तिला. पाय वापरायचेत, खांदे नाहीत."

"पळताना खांदे काय घरी ठेवून जाते?" बाप म्हणाला. पण आवाजात राग नव्हता. उद्याच्या विचारानं त्यालाच सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. म्हणून तर एवढ्या उन्हात काम काढलं होतं.

टिटवीचं शाळेतलं नाव वेगळं होतं. पण लांबसडक पाय आणि पहाटेच लागणारा चिरका आवाज बघून आजीनं ठेवलेलं नाव गावात चिकटलं ते चिकटलंच. उद्या तिची आठशे मीटरची निवड चाचणी होती. नुसतं पहिलं येऊन भागणार नव्हतं. ठरलेल्या वेळेच्या आत धाव संपवली तरच राज्याच्या शालेय स्पर्धेला जाता येत होतं, आणि जी राज्याला जाईल तिला क्रीडा वसतिगृहात जागा होती. राहणं, खाणं, पुढचं शिक्षण सगळं तिथंच. गावातली शाळा दहावीला संपत होती. त्याच्या पुढं या चाकाची मूठ होती. पुढच्या वर्षी टिटवी वयात बसणार नव्हती, म्हणजे जे काही होतं ते उद्याच.

"होईल गं," बाप जवळ येत म्हणाला. "रोज आत येतेस ना वेळेच्या? सर सांगतात ना? मग उद्या काय जमीन वेगळी असणार आहे?"

रोज येत होती, हे खरं होतं. आणि त्याचं श्रेय गाव टिटवीइतकंच तिच्या बापाला देत होतं.

आधी शाळेला मैदान म्हणून जे काही होतं ते काळ्या मातीचं माळरान होतं. उन्हाळ्यात पाऊल अडकेल एवढ्या भेगा, ओल आली की बुटाला शेरभर चिखल. बापानं आणि चार बाप्यांनी मिळून ते सपाट केलं, मुरूम टाकला, पाणी मारून चोपलं. मग फेरी आखायची वेळ आली. शाळेचा टेप होता तो खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुरेल एवढा. सर डोकं खाजवत बसले.

"अहो, मग दोर कशाला आहे?" बाप म्हणाला.

त्यानं मुद्दाम नवा लांब दोर वळला. पट्टीवर ताणून सरांनी तो टेपानं मोजला, आणि सरळ बाजूच्या आणि वळणाच्या अशा दोन्ही मापांच्या जागी तांबड्या चिंध्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे, धुकं पडलेलं असताना, बापानं तो दोर चुन्याच्या टाकीत बुडवला. दोघांनी टोकं धरून ताणला, तिसऱ्यानं मधोमध उचलून सोडला. फट्! जमिनीवर पांढरीशुभ्र रेघ. वळणं त्याच दोरानं खुंटीभोवती फिरून काढली. बघायला अर्धं गाव जमलं होतं. शिंपीकाका म्हणाले, "आयुष्यभर गुरं बांधलीस, आज मैदान बांधलंस!" बाप दिवसभर चुन्यानं माखलेल्या हातांनीच फिरत होता. धुवायला तयार नव्हता.

त्या रेघेवर टिटवी हिवाळाभर पळाली. तिच्या पायांना फेरी पाठ झाली. दुसऱ्या फेरीत खुंटीचं वळण संपलं की अंगात उरलंसुरलं सगळं सोडायचं, ते बरोबर रेघेपाशी संपायचं. सर घड्याळ बघायचे आणि ते तिला दाखवायच्या आधी त्यांचं तोंडच सांगून जायचं.

शहरातलं मैदान तांबडं, गुळगुळीत होतं. बाप, शिंपीकाका आणि गिरणीवाला सरांच्या गाडीतून आले होते. टिटवीची पॅन्ट शिंपीकाकांनी शिवलेली. शिवण सुटली तर माझी अब्रू जाईल, असं ते वाटेत सतरा वेळा म्हणाले.

बार झाला. टिटवी पहिल्या वळणावरच पुढं निघाली. पहिली फेरी कशी गेली ते तिला कळलंही नाही. फक्त ती जरा लांबल्यासारखी वाटली. नवं मैदान, नवे बूट, तिला वाटलं तसंच असेल. दुसऱ्या फेरीचं वळण संपत आलं. श्वास सांगत होता, आता. पाय सांगत होते, आता. तिनं सगळं सोडलं.

आणि जिथं रेघ असायला हवी होती, तिथं ती नव्हती.

मांड्या दगड झाल्या. छातीत हवा शिरेना. समोर रेघ दिसत होती, पण तिच्यात आणि रेघेत असं एक अंतर उरलं होतं ज्यासाठी तिच्या अंगात काहीच ठेवलेलं नव्हतं. मागच्या मुलीची पावलं कानाशी आली. टिटवी कशीबशी, वाकडीतिकडी, पहिलीच पोचली आणि आडवी झाली.

"पहिली! पहिली आली!" बाप कठड्यापाशी नाचत होता.

सर घड्याळाकडं बघत होते. त्यांनी ते तिला दाखवलं नाही. खिशात ठेवलं.

परतीच्या वाटेवर शिंपीकाकांनी शिवणीचं नावही काढलं नाही.

गावात मात्र तोंडं बंद राहिली नाहीत. "घाबरली असेल", "शहर बघून पाय लटपटले", "घरचा वाघ बाहेर शेळी". टिटवीला त्यात खोटं काही वाटेना. रोज जमत होतं ते त्या दिवशी जमलं नाही, म्हणजे खोट तिच्यातच. ऐन वेळी आपल्या आत काहीतरी मोडतं, असं तिनं मनाशी धरलं आणि पळणं सोडलं. दहावीचा निकाल लागला, शाळा संपली, चाकाची मूठ हातात आली. आई तिच्या ताटाकडं बघायची आणि उरलेलं झाकून ठेवायची.

असंच एका सकाळी चाक फिरत होतं, तेवढ्यात मळेवाला तणतणत आला. हातात ओला दोर, दोराला रिकामी बादली.

"हा काय दोर दिलास रे? परवा विहिरीला लावला तर बादली पाण्यात बुडत होती. आज बघतो तर वरच लोंबकळतेय! पाणी बघतेय, पीत नाही!"

"विहीर खोल गेली असेल."

"विहीर दोन दिवसांत खोल जाते होय? तुझा दोर आखूड झाला! माझ्यासमोर मोजलास, मग गेला कुठं? बादलीनं खाल्ला?"

बाप हसून हसून खाली बसला. "अरे शहाण्या, नवा दोर पाणी प्याला की आखडतो. अंग फुगतं आणि लांबी चोरतो. लहान पोराला ठाऊक आहे हे. कोरडा मोजून ओला वापरलास तर फसणारच. तरी मी तुला म्हटलं होतं, चार हात जास्त घे. तेव्हा म्हणालास, दोरवाला लुबाडतो!"

"मग आता?"

"आता जोड देतो. बस."

बाप जोड द्यायला वाख शोधू लागला. चाक थांबलं होतं. या खेपेला तो ओरडला नाही, कारण त्याचं लक्षच नव्हतं. टिटवी मूठ धरून तशीच उभी होती. पट्टीवर कोरडा ताणलेला दोर, टेप, तांबड्या चिंध्या. मग चुन्याची टाकी. तिनं मूठ सोडली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिनं सरांकडून शाळेचा टेप मागून घेतला. "रेघ पुसट झालीय, नवी काढते," एवढंच सांगितलं. मैदानात ओल होती, माती पायाला गार लागत होती. टेपाचं एक टोक खिळ्यानं रोवायचं, दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, खूण करायची, परत यायचं. प्रत्येक बाजूला जुनी रेघ मापाच्या अलीकडंच संपत होती. थोडीशीच. पण दोन फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत त्या थोडक्याचं केवढंतरी झालं होतं. शहरात तिचे पाय जिथं संपले, तिथून रेघ जेवढी लांब होती, जवळपास तेवढं.

ती मातीतच बसली. आधी बरं वाटलं. आपण घाबरलो नव्हतो, आत काही मोडलं नव्हतं. मग त्याच्या मागून दुसरं आलं. म्हणजे आपण कधीच वेळेत पळालो नव्हतो. एकदाही नाही. आणि खऱ्या फेरीवर हिवाळाभर पळालो असतो तर जमलं असतं का? ते आता कुठल्याच टेपानं मोजता येणार नव्हतं.

बापाला सांगायचं नाही, हे तिनं उठायच्या आधीच ठरवलं. पण शिंपीकाकांची नात, तिच्या मैत्रिणी, सगळ्या धाकट्या पोरी संध्याकाळी याच रेघेवर पळत होत्या. तिनं डब्यातला कोरडा चुना मुठीमुठीनं सोडत जुन्या रेघेच्या बाहेरून नवी रेघ ओढायला घेतली.

दुसऱ्या वळणावर असताना मागं पावलं वाजली.

"सकाळी सकाळी कुठं गायब झालीस म्हणून बघायला आलो," बाप म्हणाला. "हे काय?"

"जुनी पुसट झाली होती."

"मग तिच्यावरूनच ओढायची. बाहेरून कशाला?"

"मैदान मोठं दिसतं जरा."

बापानं तिच्याकडं बघितलं. मग दोन रेघांमधल्या मातीकडं. मग पडलेल्या टेपाकडं. तो उकिडवा बसला आणि जुन्या रेघेवर तळहात ठेवला.

"मी चुन्यात बुडवला होता," तो म्हणाला.

"बाबा, असू द्या."

"काल त्या मळेवाल्याला हसलो मी."

"बाबा, उठा. ओल आहे खाली."

"तुला कधी कळलं?"

"कालच."

"आणि सांगणार नव्हतीस."

बाप उठला आणि सरळ गिरणीकडं चालू लागला. ती मागून धावली, पण तो थांबला नाही.

गिरणीपाशी नेहमीची माणसं दळणासाठी बसली होती. शिंपीकाका होते, मळेवाला होता. सर पिशवी घेऊन उभे होते.

"ऐका," बाप म्हणाला. पट्ट्याच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली. "पोरगी घाबरली नव्हती. मैदान आखूड होतं. दोर कोरडा मोजला आणि ओला वापरला. मी. माझ्यामुळं गेली तिची जागा."

मग गिरणीवाल्यानं पिठाळ हात झटकले. "नाचता येईना, अंगण वाकडं," तो म्हणाला. हळू म्हणाला, वाईट मनानं नाही.

"अरे, खरंच सांगतोय! अंगण वाकडंच होतं!"

"असू दे रे," शिंपीकाकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लेकीसाठी बाप काय काय अंगावर घेतो. आम्ही कुठं तिला नावं ठेवतोय? पोरच ती. घाबरली. होतं असं."

"तीन पिढ्यांचा दोरवाला तू," मळेवाला म्हणाला. "काल मला एवढं ऐकवलंस. तू करशील होय अशी चूक?"

बापानं सरांकडं बघितलं. सरांनी पिशवीचे बंद घट्ट केले. त्यांना पटलं होतं, हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. पण हिवाळाभराचे सगळे आकडे त्यांनीच वर कळवलेले होते. "नवी रेघ काढताय ते उत्तम," ते म्हणाले. "टेप दुपारपर्यंत आणून द्या."

गिरणी पुन्हा सुरू झाली.

संध्याकाळी धाकट्या पोरी नव्या रेघेवरून पळाल्या. सरांनी एकेकीला घड्याळ दाखवलं आणि एकेकीचं तोंड उतरत गेलं. शिंप्याची नात तर रडायलाच लागली. "कालच्यापेक्षा किती जास्त! टिटवीताई, ही रेघ वाईट आहे. आम्ही आपल्या जुन्या रेघेवरूनच पळतो ना!"

"जुनी बरी होती," दुसरी म्हणाली. "जुनीवर आम्ही सगळ्या आत येतो."

दोन्ही रेघा मावळतीच्या उन्हात शेजारी शेजारी पांढऱ्या दिसत होत्या. कडेला बसलेला बाप उठला. त्यानं चपला काढल्या आणि अनवाणी पायानं जुनी रेघ पुसायला सुरुवात केली. टाच फिरवायची, माती ओढायची, एक पाऊल पुढं. टाच फिरवायची, माती ओढायची. पोरी रडायच्या थांबून बघू लागल्या.

त्या रेघेवर टिटवी रोज पात्र ठरली होती. तेवढ्या एकाच रेघेवर.

पुसत पुसत बाप फेरीच्या शेवटाला, रेघ संपते तिथं आला आणि थबकला. पाय उचलेना. त्यानं मान वळवून लेकीकडं बघितलं. टिटवीनं त्याच्याकडं न बघता शिंप्याच्या नातीचे डोळे आपल्या ओढणीनं पुसले आणि तिला खांद्याला धरून नव्या रेघेपाशी उभं केलं.

"पुसा, बाबा," ती म्हणाली. "पोरी खोळंबल्यात."