कव्हरखालची गाडी

नीलमने हेल्मेट काढायच्या आधीच भांडायला सुरुवात केली.

"आप्पा, काढा ती वायर. माझा तास आहे."

"अजून भरली न्हाई," बबनराव म्हणाले.

हेडक्लार्क बबनराव कॉलेजच्याच आवारातल्या क्वार्टरमध्ये राहत. त्यांची गाडी रोज उजाडायच्या आत चार्जिंगच्या शेडमध्ये येऊन उभी असे, अंगावर राखाडी कव्हर घेऊन. भिंतीवरच्या सॉकेटमधून निघालेली काळी वायर त्या कव्हरखाली शिरे. पुढे ती कुठं जाई, हे कुणी पाहिलं नव्हतं.

"क्वार्टरपासून शेडपर्यंत येते तुमची गाडी. हिला एवढी भूक लागते कशानं?"

"म्हातारी झाली हाय म्याडम. म्हाताऱ्या माणसाला नुसतं बसून बी भूक लागती."

चहा निवेपर्यंत हे चालायचं. मग बबनराव कुरकुरत उठत, प्लग उपसत आणि नीलम आपला चार्जर लावी. आपल्या तोंडामुळेच आपल्याला वीज मिळते, अशी तिची पक्की खात्री होती.

शिरूरच्या या कॉलेजात चार्जिंगचे दोन पॉइंट होते. पहिला प्राचार्यांसाठी राखीव नव्हता; तिथं फक्त त्यांची गाडी उभी असायची. उरलेल्या एकावर सगळा स्टाफ. लागलेली गाडी मालकाच्या मर्जीशिवाय काढायची नाही, एवढाच नियम. बहुतेक मंडळी शिरूरातच राहणारी. घरी सॉकेट होते, पण कॉलेजची वीज त्यांच्या गाड्यांना जास्त मानवायची.

नीलम मात्र कवठे येमाईहून यायची, तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायला. तिची जुनी स्कूटर एका दमात शिरूर गाठे आणि तिथं मान टाके. शेवटचा तास सुटेपर्यंत गावाकडची एसटी निघून गेलेली असे. चार्जिंग नाही तर तो तास नाही, आणि तो तास सोडणाऱ्या बाईला पुढच्या वर्षी कुणी बोलावणार नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं.

प्रयोगशाळेतल्या सोहेबनेही एकदा बबनरावांना विचारून पाहिलं होतं.

"आप्पा, माझी लावू का जरा?"

"घर कुठं तुझं?"

"बाजारतळाशेजारी."

"मग ढकलत ने. पोट बी कमी व्हईल."

रोजच्या भांडणाला कंटाळून शेवटी नीलमने प्राचार्यांकडे तक्रार केली. त्यांनी लगेच समिती नेमली. समितीने लगेच चहा मागवला. चहानंतर ठरलं ते असं: गाडी खरोखर चार्ज होत नसेल तर पॉइंट मोकळा करायचा आणि जो रांगेत पुढे असेल त्याला द्यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती शेडमध्ये उतरली. सोहेब आपली स्कूटर घेऊन आधीच उभा होता. त्याच्या मागे ग्रंथपालांची, तिच्यामागे क्रीडाशिक्षकांची. नीलम आली तेव्हा तिला सावलीतसुद्धा जागा उरली नव्हती.

"बबनराव, कव्हर काढा," प्राचार्य म्हणाले.

"तक्रार कुणाची हाय?"

"माझी," नीलम म्हणाली.

"मग तुमीच बघा म्याडम." बबनराव शेडच्या पत्र्याकडे बघू लागले, जणू तिथं काही लिहिलेलं होतं.

गाडी आणि भिंत यांच्यामध्ये एकच माणूस मावेल एवढी फट होती. नीलम आत शिरली. वायरीच्या बाजूचा कोपरा तिने उचलला आणि डोकं आत घातलं.

आत एक जुनी पेट्रोलची गाडी होती. वायर बॉनेटवर येऊन एका एक्स्टेंशन बोर्डाला मिळाली होती आणि त्या बोर्डाला काहीच लावलेलं नव्हतं. गर्दीच्या एसटीत कुणीतरी खिडकीतून सीटवर रुमाल टाकून ठेवावा, तसा तो नुसता पडून होता.

मागे सोहेबने डिकीतून चार्जर काढला. "मॅडम, नंबर माझा आहे हां."

नीलम कव्हरखालीच थांबली. तिथून तिला सगळ्यांचे फक्त पाय दिसत होते. बबनरावांच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि तो खिळ्याने ठोकलेला होता.

"नीलम मॅडम? काय दिसतंय? चार्ज होतेय का?"

तिने डोकं बाहेर काढलं. कोपरा खाली सोडला, आणि बॉनेट पूर्ण झाकलं जाईपर्यंत कव्हर ओढून घेतलं.

"होतेय, सर."

प्राचार्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. समिती दुसऱ्या चहाला गेली. सोहेबने वायर गुंडाळली, ग्रंथपाल पुटपुटले आणि सगळे आपापल्या कामाला पांगले.

शेडमध्ये दोघंच उरली. हेल्मेटचा पट्टा नीलम उगाचच लावत आणि सोडत राहिली.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "वायर काढता का?"

बबनरावांनी मान वळवून ऑफिसच्या खिडकीकडे पाहिलं. ती उघडी होती.

"असं नगा बोलू म्याडम," ते तिच्याइतक्याच हळू आवाजात म्हणाले. "जरा जोरात. हाफिसापत्तोर ऐकू गेलं पायजे."